लांकडी तक्त्यांच्या जोडकामीं प्लास्टिक

गेल्या पौषांत आमच्या संघाच्या बैठकींत एका सभासदांनीं अशी सूचना मांडली कीं, शेतांतील पऱ्हाटी व टाकाऊ मल्चिंग पेपर यांपासून लांकडासारखे तक्ते काढणारें एक दाबयंत्र संघानें घ्यावें, व त्याकरितां प्रत्येक सभासदानें भागभांडवल द्यावें. सूचना ऐकावयास गोड होती. पऱ्हाटी आपण जाळतों, मल्चिंग पेपर बांधाबांधांवरून उडत असतो. या दोहोंचे पैसे होणार असतील तर कोणास नको आहेत? परंतु तीस वर्षें तहसील कचेरींत घालविल्यामुळें, गोड ऐकूं आलें कीं हिशेब मागावयाचा, ही खोड आम्हांस जडून राहिली आहे. त्या दिवशीं आम्ही होय म्हटलें नाहीं व नाहींही म्हटलें नाहीं. त्यानंतरच्या सात-आठ महिन्यांत या विषयाचें जें वाचलें, जें सुतारांस व कारखानदारांस विचारलें, आणि जें घरच्या घरीं करून पाहिलें, तें सभासदांपुढें ठेवीत आहों.

विषयाची मेख समजण्यास रसायनशास्त्र शिकावें लागत नाहीं. लाख ध्यानांत घेतली म्हणजे पुरे. विळ्याची किंवा सुरीची मूठ बसवितांना मुठीच्या भोंकांत लाख अथवा राळ भरतात, पात्याचें शेपूट तापवून आंत खुपसतात, आणि निवेपर्यंत त्यास हात लावीत नाहींत. तापल्या लोखंडानें लाख वितळते, लांकडाच्या बारीक खांचांत शिरते, आणि थंड झाली कीं लोखंड व लांकूड या दोहोंस धरून बसते. आमचा तर लाखेशीं जन्म गेला. कोषागाराच्या थैल्या, गोपनीय लखोटे, निवडणुकीच्या मतपेट्या, सर्वांवर लाख वितळवून मोहोर उठवावयाची. वैशाखांत बंद खोलींत एकावर एक रचलेल्या थैल्यांपैकीं खालच्या थैलीची मोहोर एकदां अशी पसरली कीं तीवरचें अक्षर ओळखूं येईना, आणि आम्हांस लेखी खुलासा द्यावा लागला. ती कोणीं फोडली नव्हती. उन्हानें व वरच्या भारानें ती आपोआप बसली होती. तापवितां वितळून धरणें, आणि भाराखालीं ऊन लागतां हळूहळू सरकणें, हे लाखेचे दोन गुण वाचकांनीं मनांत ठेवावे. पुढील सर्व हकीकत त्यांवरच उभी आहे.

प्लास्टिकच्या मुख्य जाती दोन. एक मेणासारखी: तापविली कीं मऊ होते, निवली कीं घट्ट होते, आणि कितीही वेळां हा खेळ करतां येतो. दुसरी विटेसारखी: भट्टींत एकदां भाजली कीं पुन्हां तिचा चिखल होत नाहीं. पहिलीस थर्मोप्लास्टिक म्हणतात. दुधाची पिशवी, मल्चिंग पेपर, ठिबकची नळी, खुर्ची, घागर हीं सर्व या जातीचीं. दुसऱ्या जातीचें जुनें व प्रसिद्ध उदाहरण म्हणजे विजेच्या खटक्यांचें काळें बेकेलाइट, जें लिओ बेकलंड यानें १९०७ मध्यें शोधिलें. आजवर प्लायवूड, पार्टिकल बोर्ड वगैरे तक्ते बहुतकरून या दुसऱ्या, विटेच्या जातीच्या चिकट रसायनानें जोडले जातात. त्याऐवजीं मेणाच्या जातीचें प्लास्टिक वापरतां येईल काय, हा प्रश्न आहे.

प्लायवूड म्हणजे लांकडाची सोललेली पातळ पानें एकावर एक, रेषा आडव्या-उभ्या ठेवून चिकटविलेलीं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लांकडाचा चुरा व बारीक काप चिकटद्रव्यांत घोळवून दाबलेले. चांगला तक्ता आणि वाईट तक्ता यांतील अंतर लांकडापेक्षां सांध्यानेंच अधिक पडतें. पूर्वी हे सांधे शेतांतून व गोठ्यांतूनच येत. जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस, दुधांतील केसीन, सोयाबीनचें पीठ, खाटकाकडील रक्त, इतक्या वस्तु तक्ते जोडण्यास लागत. पुढें रासायनिक चिकट निघाले, आणि त्यांपैकीं सर्वांत स्वस्त जो ठरला तो आपल्या ओळखीच्या पदार्थाचा निघाला. तो पदार्थ म्हणजे युरिया.

होय, तोच युरिया. फॉर्मल्डिहाइड नांवाच्या तिखट वायूच्या पाण्यांत युरिया शिजविला म्हणजे पांढरट पाकासारखी राळ होते. तींत थोडें आम्लधर्मी क्षार टाकून गरम दाबयंत्रांत धरली कीं कांहीं मिनिटांत ती विटेसारखी पक्की होते. पार्टिकल बोर्डांत कोरड्या चुऱ्याच्या वजनावर शेंकडा ८ ते १२ इतकी ही राळ जाते, आणि तिच्या कच्च्या मालांत वजनानें पाहतां युरियाचाच वांटा मोठा असतो. कारखानदारानें याकरितां सवलतीविना मिळणारा औद्योगिक युरिया घ्यावयाचा, असा कायदा आहे. परंतु शेतकऱ्याचा युरिया सरकारी अनुदानामुळें त्याच्या मानानें फारच स्वस्त पडतो, आणि जेथें एवढी तफावत तेथें वाट फुटतेच. आपणांस मिळणारा सर्व युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप देऊन विकतात, त्याच्या अनेक कारणांपैकीं हें एक होय. तरीही खताचा युरिया राळेच्या व प्लायवूडच्या कामाकडे वळविल्याचे गुन्हे ठिकठिकाणीं दाखल होतच असतात. आषाढ-श्रावणांत ४५ किलोच्या पोत्यासाठीं आपण दुकानापुढें रांग लावतों, त्या वेळीं कोठेंतरी आपल्याच वांट्याचा युरिया कपाटाच्या फळींत जाऊन बसत असेल, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. हरियाणांतील यमुनानगर हें प्लायवूडचें मोठें ठाणें. तेथील शेतकरी बांधावर पॉपलर लावून कारखान्यांस लांकूड पुरवितात. म्हणजे लांकूडही शेतकऱ्याचें, आणि वांकडी वाट धरली तर चिकटही शेतकऱ्याचाच!

या राळेचा दुसरा दोष आमच्या घरांतच उघडकीस आला. सेवानिवृत्तीच्या पैशांतून आम्हीं एक कपाट घेतलें. जुने सातबारे, खरेदीखतें, पावत्या नीट राहाव्या एवढाच हेतु. दुकानदारानें तें "इंजिनिअर्ड लांकडाचें" म्हणून दिलें. आम्हीं अर्थ विचारला नाहीं, ही चूक आमची. दार उघडलें कीं डोळे चुरचुरत. धाकटी नात तर त्या खोलींत जाईना. "आजोबा, तुमचें कपाट रडवतें," असें ती म्हणे. पहिल्या पावसाळ्यांत भिंतीस ओल आली आणि कपाटाची खालची फळी भाकरीसारखी फुगली. दुसऱ्या पावसाळ्यांत स्क्रू हातानें निघूं लागले. सुतारास बोलाविलें. त्यानें फळीचा कोपरा बोटांनीं कुसकरून दाखविला व म्हणाला, "साहेब, हा भुसा आहे. याला पाणी लागलें कीं संपलें. कडासुद्धां बंद केल्या नाहींत बघा."

दोन्ही गोष्टींचें मूळ एकच आहे. युरियाच्या राळेचा सांधा ओल व उष्णता यांच्या संगतींत हळूहळू उकलतो, आणि उकलतांना फॉर्मल्डिहाइड बाहेर सोडतो. डोळे चुरचुरण्याचें कारण तो वायु. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००४ मध्यें त्यास माणसांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातलें. घरांतील हवेच्या घनमीटरांत अर्ध्या तासाच्या सरासरीनें ०.१ मिलिग्रॅमपेक्षां तो अधिक नसावा, अशी त्याच संघटनेची शिफारस आहे. न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं सर्वच तक्ते असे नसतात. फिनॉलची राळ वापरलेलें प्लायवूड उकळत्या पाण्यासही दाद देत नाहीं, व त्यांतून हा वायु फारच कमी निघतो; पण तें महाग. भारतीय मानक ३०३ खालीं प्लायवूडचे ओल सोसणारा व उकळतें पाणी सोसणारा असे दोन दर्जे आहेत. ते तक्त्यावर छापलेले असतात. घेतांना ते वाचावे. आम्हीं वाचले नाहींत.

आतां प्लास्टिकची गोष्ट. कल्पना साधी आहे. लांकडाच्या दोन पानांमध्यें चिकट न लावतां प्लास्टिकचें पातळ पान घालावयाचें आणि गरम दाबयंत्रांत धरावयाचें. पातळ पिशव्यांचें पॉलिएथिलीन सुमारें ११० अंशांवर वितळतें, घागरी-डब्यांचें कठीण पॉलिएथिलीन १३० च्या आसपास, आणि पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे खताच्या विणलेल्या गोण्यांचें, १६० ते १६५ वर. लांकूड २०० अंशांपुढें करपूं लागतें. म्हणजे मध्यें काम करण्यास पुरेशी जागा आहे. वितळलेलें प्लास्टिक दाबामुळें लांकडाच्या नळ्यांत व पान सोलतांना पडलेल्या चिरांत शिरतें, आणि निवल्यावर आंत मुळ्या सोडल्याप्रमाणें अडकून बसतें. त्यांत युरिया नाहीं, फॉर्मल्डिहाइड नाहीं, आणि पॉलिएथिलीन पाणी पीत नाहीं, म्हणून पाण्यानें सांधा उकलत नाहीं.

येथें एक खोंच आहे. लांकूड पाण्याच्या गोत्याचें, पॉलिएथिलीन तेलाच्या गोत्याचें. दोघांची सोयरीक मनापासून जुळत नाहीं. मुळ्या अडकल्या तेवढाच आधार. म्हणून प्लास्टिकमध्यें मॅलेइक अनहायड्राइड नांवाच्या पदार्थाचें थोडें कलम करतात. त्याचें एक टोंक लांकडाशीं जुळतें, दुसरें प्लास्टिकमध्यें मिसळतें. दोन्ही गांवच्या बोली जाणणारा दुभाषा बैठकींत बसवावा, तसेंच हें. दुभाषा असला म्हणजे सांध्याचें बळ पुष्कळ वाढतें. पण टाकाऊ पिशव्यांत तो नसतो, विकत घ्यावा लागतो.

वाचून समाधान होईना म्हणून आम्हीं घरीं करून पाहिलें. सुताराकडून सजावटीच्या अर्धा मिलिमीटर जाड लांकडी पानांच्या कातरणी आणल्या. दुधाच्या पिशव्या सोड्यानें धुऊन, कापून, उन्हांत वाळविल्या. मंडळींनीं इस्तरी देण्यास प्रथम साफ नकार दिला. अखेर पिशव्यांच्या वर-खालीं वर्तमानपत्राचा कागद ठेवण्याच्या करारावर ती मिळाली. तीन पानें, रेषा आडव्या-उभ्या, आणि प्रत्येक दोहोंमध्यें पिशवीचे दोन पदर. सुती कापडाच्या खुणेवर इस्तरी ठेवून भार देऊन दाबलें. पांच मिनिटांनीं इस्तरी उचलली तों पानें गरमागरम पापडाप्रमाणें वळलीं आणि सुटलीं. दुसऱ्या वेळीं इस्तरी काढतांच तुकड्यावर पाटा ठेविला, पाट्यावर वरवंटा, आणि अर्धा तास कोणासही हात लावूं दिला नाहीं. तो तुकडा असा धरला कीं नखानें उकलेना. चाकूनें उकलला तेव्हां प्लास्टिकबरोबर लांकडाचे तंतू निघून आले. म्हणजे सांध्याआधीं लांकूड फाटलें.

या दोन तुकड्यांनीं आम्हांस जें शिकविलें तें पुस्तकांनीं शिकविलें नव्हतें. युरियाची राळ गरम असतांनाच पक्की होते. म्हणून कारखानदार यंत्र उघडून तक्ता काढतो व लगेच दुसरा घालतो. प्लास्टिकच्या तक्त्यास मात्र दाबाखालींच थंड व्हावें लागतें. यंत्र तापवा, थंड करा, पुन्हां तापवा. वेळ दुप्पट-तिप्पट, आणि दर वेळीं लोखंडाचा एवढा मोठा गोळा तापविण्याचें इंधन पाण्यांत. नाहींतर एक गरम व एक थंड अशीं दोन यंत्रें ठेवावीं लागतात. ही रीत अनेक ठिकाणीं प्रयोगांत यशस्वी होऊनही प्लायवूडच्या बाजारांत तिनें युरियास हलविलें नाहीं, याचें मोठें कारण हेंच होय.

तिसरा तुकडा व कपाटाच्या फळीचा एक काप दोन्ही एक रात्र व एक दिवस पाण्यांत ठेविले. फळी सुतारी पट्टीनें मोजतां १८ मिलिमीटरची २१ झाली व कडेनें भुगा सांडूं लागला. आमच्या तुकड्याचें लांकूड फुगलें, कडा थोड्या लहरल्या, पण सांधा कोठेंच सुटला नाहीं. हें पाहून आमचा उत्साह फार वाढला. तो वैशाखानें उतरविला. दोन पट्ट्या टोंकास टोंक दोन बोटें चढवून प्लास्टिकनें जोडल्या, गोठ्याच्या पत्र्याखालीं, पत्र्यास जवळजवळ टेकून, टांगल्या आणि खालच्या पट्टीस एक वीट बांधली. दिवेलागणीस पाहिलें तों सांधा अर्धा सूत सरकला होता, आणि तिसऱ्या दिवशीं दुपारीं वीट खालीं. कोषागाराच्या थैलीवरील मोहोर आठवली. वऱ्हाडांत पत्र्याखालीं वैशाखाची उष्णता पिशवीच्या प्लास्टिकला वितळविण्याइतकी नसते, पण भाराखालीं सरकविण्याइतकी असते. पॉलिप्रॉपिलीन याहून बरेंच टिकेल, कारण तें मऊ होण्यास अधिक उष्णता लागते. परंतु आमच्या घरच्या इस्तरीनें तें नीट वितळलें नाहीं, म्हणून स्वतःच्या अनुभवानें आम्ही कांहीं सांगत नाहीं.

हें वाचून कोणी मुलांनीं घरीं प्रयोग केल्यास एक सूचना. खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि पाइपाच्या जातीचें, म्हणजे पीव्हीसीचें प्लास्टिक केव्हांही इस्तरीखालीं किंवा विस्तवावर धरूं नये. तापल्यावर त्यांतून मिठाच्या तेजाबाची वाफ निघते.

वस्तुतः थर्मोप्लास्टिक सांधा आपल्या घरांत केव्हांच आलेला आहे. सुतार वापरतात तो पांढरा चिकट, जो १९५९ मध्यें फेविकॉल या नांवानें बाजारांत आला व त्यानें उकळून लावावयाच्या सरसास हद्दपार केलें, तो पॉलिव्हिनिल ॲसिटेट. तोही मेणाच्या जातीचाच. पाणी उडून गेलें कीं घट्ट, ऊन लागलें कीं थोडा सैल. नव्या पद्धतीच्या कपाटांच्या कडांस जी पट्टी यंत्रानें चिकटवितात ती वितळविलेल्या थर्मोप्लास्टिकनेंच. आणि सर्वांत चांगलें उदाहरण दूध व फळांचे रस ज्यांत येतात त्या कागदी डब्यांचें. त्यांत वजनानें शेंकडा सुमारें ७५ कागद, २० पॉलिएथिलीन व ५ ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. हे डबे धुऊन, तुकडे करून, गरम यंत्रांत दाबले कीं आंतील पॉलिएथिलीन वितळून कागदास बांधतें. वरून कोणताही चिकट घालावा लागत नाहीं. आपल्या देशांत असे तक्ते होतात, आणि मुंबईंत गोळा केलेल्या डब्यांचे शाळांसाठीं बांक केले गेले आहेत. तेथें हा धंदा चालतो याचें कारण उघड आहे. कागद व प्लास्टिक दोन्ही एकाच वस्तूंत, योग्य प्रमाणांत, स्वच्छ व फुकटासारखीं मिळतात. कागद तरी लांकडाचाच!

हें प्रमाण व ही स्वच्छता आपल्या पऱ्हाटीच्या बाबतींत कशी पडते, तेवढें पाहूं. कारण भागभांडवल त्यासाठीं मागितलें आहे.

पऱ्हाटीचा तक्ता होतो, यांत शंका नाहीं. मुंबईस माटुंग्यास १९२४ पासून चालू असलेल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेनें तो करून दाखविला आहे, मात्र राळेचा. हेक्टरीं दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते, म्हणजे एकरीं सुमारें एक टन धरूं. चुऱ्याचा तक्ता प्लास्टिकनें बांधावयाचा तर राळेहून पुष्कळ अधिक माल लागतो, कारण वितळलेलें प्लास्टिक गुळाच्या पाकासारखें दाट असतें. राळेच्या पातळ फवाऱ्याप्रमाणें प्रत्येक कणास तें माखत नाहीं. एकूण वजनाच्या शेंकडा २५ प्लास्टिक धरलें, तर एक टन पऱ्हाटीस ३३३ किलो प्लास्टिक पाहिजे.

आतां मल्चिंग पेपर, जो कागद नसून पॉलिएथिलीन आहे. २५ मायक्रॉन जाडीचा पेपर चौरस मीटरास २३ ग्रॅम भरतो. चार फूट रुंद व चारशे मीटर लांब गुंडाळी सुमारें ११ किलोची, आणि मिरची-टरबुजास एकरीं अशा पांच गुंडाळ्या लागतात, म्हणजे ५५ किलो. ३३३ ला ५५ नें भागा. एका एकराच्या पऱ्हाटीस सहा एकरांचा मल्चिंग पेपर! आपल्या सभासदांत कपाशी सर्वांची आहे. मल्चिंग पेपर अंथरणारे किती, हें ज्यानें त्यानें मोजावें. उरलेलें प्लास्टिक शहरांतून विकत आणावें लागेल, आणि मग "टाकाऊपासून पैसा" हें वाक्य उलटें वाचावें लागेल.

शिवाय शेतांतून काढलेला पेपर ५५ किलो भरत नाहीं. तो मातीसकट दुप्पट-तिप्पट भरतो. भरणारा खूष होतो, घेणारा रडतो. मातीचा कण सांध्यांत आला कीं तेथें प्लास्टिक लांकडास भेटतच नाहीं, आणि चुरा करणाऱ्या पात्यांची धार तर दोन दिवसांत जाते. धुवावयास पाणी पाहिजे, आणि पेपर निघतो तो नेमका चैत्र-वैशाखांत. उन्हानें कुजलेल्या पेपराचा तर हातांत चुरा होतो. पऱ्हाटीचीही अडचण लहान नाहीं. ती हलकी, जागा फार व्यापणारी. गाडीभर नेली तर वजन थोडें. गुलाबी बोंडअळीच्या भयानें ती शेतांत ठेवतां येत नाहीं, यंत्र मात्र बारा महिने चालविलें पाहिजे. साठवावयाची तर आगीची धास्ती, भिजली तर बुरशी. बैठकींत वांटलेल्या कागदावर या गोष्टींकरितां एकही रकाना नव्हता.

चुऱ्याऐवजीं पानांचें प्लायवूड धरलें तर प्लास्टिकचा हिशेब एकदम पालटतो. आठ बाय चार फुटांचा तक्ता म्हणजे जवळजवळ तीन चौरस मीटर. दुधाच्या पिशवीचे दोन पदर धरून दर सांध्यास पाव किलोहून थोडें अधिक, आणि पांच पानांच्या तक्त्यांत चार सांधे. सारें मिळून १ किलो १०० ग्रॅम. एका एकराच्या स्वच्छ पेपरांतून पन्नास तक्ते! पण यास पऱ्हाटी चालत नाहीं. सोलतां येईल असा ओंडका पाहिजे. आपल्याकडे नीलगिरी, सुबाभूळ बांधावर आहेत, परंतु पान सोलण्याचें यंत्र, वाळवणी, गरम व थंड दाबयंत्र ही सगळी मांडणी कारखान्याची आहे, संघाच्या गोदामांतील नव्हे.

म्हणून आमचें मत असें कीं, भागभांडवलाची सूचना आहे त्या स्वरूपांत संघानें स्वीकारूं नये. ज्यांनीं ती मांडली त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस आदरच आहे. त्यांनीं आणलेला नमुन्याचा तक्ता खरा होता व चांगला होता. पण तो थंड होण्यास किती वेळ लागला, त्यांत पऱ्हाटी किती व प्लास्टिक किती, प्लास्टिक धुतलेलें होतें कीं नवें, आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हांत भार ठेवून तो कोणीं पाहिला काय, हीं चार उत्तरें लेखी आल्याखेरीज एक रुपयाही देऊं नये. उत्तरें समाधानकारक आलीं तर आमचा भाग आम्ही पहिला भरूं.

तोंवर जें करण्यासारखें आहे तें लहान आहे, पण खर्चाचें नाहीं. मल्चिंग पेपर काढतांना झटकून, माती पाडून, पावसाळ्यापर्यंत छपराखालीं ठेवावा. नाल्यास पाणी आलें कीं धुवावा. संघानें एकत्र करून भंगारवाल्याऐवजीं थेट प्लास्टिक गाळणाऱ्या कारखान्यास द्यावा. धुतलेल्या व मातकट मालाच्या दरांत केवढें अंतर पडतें तें एका हंगामांत सर्वांस कळेल, आणि पुढें खरोखरच तक्त्यांचा कारखाना निघाला तर त्यास लागणारा स्वच्छ माल आपल्या हातीं असेल. पेपर बांधावर जाळणें मात्र आजपासूनच बंद व्हावें. तो धूर आपल्याच घरांत येतो.

आणि ज्यांस लग्नसराईंत कपाट घ्यावयाचें आहे, त्यांनीं तक्त्यावरील दर्जाचा छाप पाहावा, सर्व कडा पट्टीनें बंद आहेत काय हें खालून वाकून पाहावें, भिंतीपासून चार बोटें अंतर ठेवावें, आणि नवें कपाट निदान दोन-तीन आठवडे दारें उघडीं टाकून ओसरीवर वारा लागूं द्यावा. धान्याची व बियाण्याची साठवण अशा नव्या कपाटांत करूं नये.

आमचें कपाट मोडलें. सुतारानें त्याच दारांच्या मागें सागाच्या जुन्या फळ्या घालून नवें करून दिलें आहे, व नात आतां त्या खोलींत अभ्यासास बसते. इस्तरी मंडळींनीं परत घेतली. सुटलेला, धरलेला व पाण्यांतून काढलेला असे तीन तुकडे, आणि वीट पडलेल्या दोन पट्ट्या, आमच्या ओसरीवरील कोनाड्यांत ठेविल्या आहेत. पुढील बैठकीपूर्वी ज्या सभासदांस त्या हातांत घेऊन पाहावयाच्या असतील, त्यांनीं बाजाराचा दिवस सोडून केव्हांही यावें.